धुकं पिणारं वाळवंट

नामिबिया म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा चित्ते आठवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथून आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आले आणि आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाजवळच्या या देशाचं नाव घराघरात पोहोचलं. पण नामिबियाला जाऊन आलेल्या प्राणिप्रेमींना विचारलंत, तर त्यांच्यापैकी काही जण चित्त्याऐवजी एका काळ्या भुंगेऱ्याबद्दल बोलायला लागतील. अंगठ्याच्या नखाएवढा, ना शिंगं ना रंग, आपल्या अंगणात दिसला तर केरसुणीने बाजूला सारावा असा. हा भुंगेरा पहाटे वाळूच्या टेकडीवर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोकं खाली आणि पाठ वर असा उभा राहतो आणि धुकं पितो.

पाऊस जवळजवळ न पडणाऱ्या प्रदेशात जीव कसे जगतात, हे मुलांना पुस्तकातून समजावण्यापेक्षा एकदा नामिबमध्ये नेऊन दाखवावं, असं मला वाटतं. खर्चाचा विचार केला तर सगळ्यांना ते जमणारं नाही. म्हणून निदान लेखातून तरी तिकडे फिरून येऊ.

पाऊस नाही, तरी रस्ते ओले

स्वाकोपमुंड हे अटलांटिकच्या काठावरचं छोटं, टुमदार शहर. १८९२ मध्ये जर्मनांनी वसवलं, त्यामुळे उतरत्या छपरांची जुनी घरं, बेकऱ्या, केकची दुकानं आणि कॉफी हे सगळं तिथे अजून आहे. सकाळी खोलीची खिडकी उघडावी तर समोरचा रस्ता दिसत नाही. माडाच्या झावळ्यांवरून पाणी टपकत असतं, मोटारींचे वायपर चालू असतात, फुटपाथ ओला असतो. नवख्या माणसाला वाटतं, रात्री पाऊस झाला. प्रत्यक्षात इथे वर्षभराचा पाऊस २० मिलिमीटरपेक्षाही कमी. मुंबईत जुलैतल्या एखाद्या सकाळी दोन तासांत याहून जास्त पडतो आणि कुणी त्याची दखलही घेत नाही.

ओलावा येतो तो समुद्रावरून. या किनाऱ्याला लागून बेंग्वेला नावाचा थंडगार प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. समुद्रावरची दमट हवा या गार पाण्यावरून येताना थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात. वर मात्र वाळवंटाची गरम, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली. त्यामुळे ही गार हवा वर चढू शकत नाही, उंच ढग बनत नाहीत, पाऊस पडत नाही. ज्या थंड समुद्रामुळे हे वाळवंट कोरडं राहिलं, त्याच समुद्राने त्याला धुकं दिलं. किनाऱ्यावर वर्षातले शंभराहून अधिक दिवस धुक्याचे असतात आणि रात्रीतून हे धुकं वाळवंटात कित्येक किलोमीटर आत, कधी कधी शंभर किलोमीटरच्या आसपास शिरतं. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ऊन तापलं की ते विरतं. मग दुपारी तुम्ही तिथे उभे असाल, तर इथे पहाटे पाणी होतं यावर विश्वास बसणार नाही.

धुक्यात पाणी असतं तरी किती? एका घनमीटर धुक्यात बहुधा अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. दहा बाय दहाची आपली खोली छतापर्यंत धुक्याने भरली आणि त्यातला प्रत्येक थेंब गोळा केला, तरी दोन-तीन छोटे चमचे पाणी निघेल. शिवाय हे थेंब आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान, इतके हलके की खाली पडतच नाहीत, हवेबरोबर तरंगत निघून जातात. म्हणजे पाणी हवं असेल तर दोन गोष्टी लागतात. नवं धुकं सतत समोरून येत राहील असा वारा आणि त्या वाऱ्याच्या वाटेत उभं राहणारं काहीतरी. नामिबमधल्या जिवांनी हे दोन्ही साधलं आहे.

गोबाबेब : जिथे वाळू थांबते

स्वाकोपमुंडपासून दक्षिणेला पस्तीसेक किलोमीटरवर वॉल्विस बे हे बंदर आहे. तिथून वाळवंटात आत जाणारा खडीचा रस्ता धरला की शंभरेक किलोमीटरनंतर गोबाबेब येतं. ना गाव, ना हॉटेल. पाण्याची उंच टाकी, काही बैठ्या इमारती आणि सौर पॅनेल. चार्ल्स कोख या ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये इथे संशोधन केंद्र सुरू केलं, तेच मुळी भुंगेऱ्यांच्या अभ्यासासाठी.

जागा निवडणाऱ्याच्या नजरेला दाद द्यावी अशीच आहे. केंद्राच्या उत्तरेला करड्या खडीचं सपाट मैदान, क्षितिजापर्यंत. दक्षिणेला एकदम तांबूस वाळूच्या टेकड्या. आणि दोन्हींच्या मधून कुईसेब नदीचं कोरडं पात्र, ज्याच्या काठाने बाभळीच्या जातीची मोठी झाडं उभी आहेत. कुईसेब वर्षातले बहुतेक दिवस कोरडीच असते. दूरच्या डोंगरात चांगला पाऊस झाला तर थोडे दिवस वाहते, काही वर्षी तेही नाही. पण तेवढ्या दिवसांत ती दक्षिणेकडून सरकत आलेली सगळी वाळू धुऊन नेते. म्हणून वाळूच्या टेकड्या तिच्या काठाशी येऊन थांबतात आणि पलीकडच्या मैदानावर जात नाहीत. शेकडो किलोमीटरच्या वाळूच्या समुद्राला, वर्षातून चार दिवस वाहणारी नदी अडवून धरते. आपल्याकडच्या बारमाही नद्यांची आपण काय गत केली आहे ते आठवलं की ही कोरडी नदी जास्तच मोठी वाटते.

नदीच्या दक्षिणेचा हा वाळूचा प्रदेश २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तो देताना धुक्याचा खास उल्लेख झाला. समुद्रकाठचं वाळवंट, त्यात एवढ्या विस्तीर्ण वाळूच्या टेकड्या आणि त्यांना जगवणारं धुकं असं एकत्र जगात दुसरीकडे नाही.

पहाटेची रांग

तो भुंगेरा या टेकड्यांवरचा. शास्त्रीय नाव ओनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस. एरवी हा दिवसा हिंडणारा किडा. रात्री गारठ्यात वाळूत पुरून घेऊन झोपतो. पण धुक्याच्या रात्री, अंगात धावण्याइतकी ऊबही नसताना, तो वाळूतून बाहेर येतो आणि अडखळत टेकडीच्या माथ्याकडे चढू लागतो. माथ्यावर वारा सगळ्यांत जास्त. तिथे पोचला की वाऱ्याकडे तोंड करून मागचे पाय ताठ करतो, डोकं खाली घालतो. धुक्याचे कण पाठीवर आदळतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि घरंगळत थेट तोंडाशी येतात. माथ्याच्या कडेने असे कितीतरी भुंगेरे ओळीने उभे दिसतात. नळावर लागलेली रांगच, फक्त भांडणाशिवाय.

विल्यम हॅमिल्टन आणि मेरी सीली या दोघांनी १९७६ मध्ये ही गोष्ट ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडली. सीलीबाई पुढे कित्येक वर्षं गोबाबेबच्या प्रमुख होत्या. त्यांनी धुक्याआधी आणि धुक्यानंतर भुंगेऱ्यांचं वजन केलं. एका धुक्यात ते सरासरी बारा टक्क्यांनी वाढलेलं होतं आणि एखाद्याचं तर चौतीस टक्क्यांनी. साठ किलोच्या माणसाने एका सकाळी वीस लिटर पाणी प्यावं, असा तो हिशोब.

त्याच वर्षी या दोघांनी दुसऱ्या एका भुंगेऱ्याबद्दलही लिहिलं. लेपिडोकोरा नावाचा हा चपटा किडा टेकडीवर उभा राहत नाही. तो वाऱ्याला आडवी अशी वाळूची बारीक सरी ओढतो. सरीचा उंचावलेला काठ धुकं अडवतो, आसपासच्या वाळूपेक्षा जास्त भिजतो आणि मग हा त्याच काठावरून परत जात ओल्या वाळूतलं पाणी शोषून घेतो. शेताला बांध घालणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल.

इथे एकदा नजर सरावली की सगळीकडे धुकं पिणारे दिसायला लागतात. टेकडीवर झुपक्याझुपक्यांनी वाढणारं एक ताठ, टोकदार गवत आहे. त्याच्या पात्यांवर उभ्या बारीक खाचा असतात. पात्यावर जमलेलं पाणी त्या खाचांतून पन्हळीतून उतरावं तसं सरळ बुंध्याशी येतं. तिथे वाळूच्या वरच्याच थरात या गवताची मुळं लांबलांब पसरलेली असतात, काही तर वीस मीटरपर्यंत. मुळं खोल गेली नाहीत, कारण खाली पाणी नाहीच. पाणी वरून येतं, आणि तेही वाळूच्या बोटभर थरापुरतं.

वाळूत आडवं सरकत चालणारा छोटा साप धुकं आलं की अंग चपटं करून पडून राहतो आणि नंतर स्वतःच्याच खवल्यांवरचं पाणी चाटतो. पारदर्शक कातडीची, जाळीदार बोटांची एक पाल जिभेने आपल्या डोळ्यांवरचं पाणी टिपते. मुलांना ही पाल सगळ्यांत जास्त आवडते. स्वाकोपमुंडहून निघणाऱ्या अर्ध्या दिवसाच्या सहलींमध्ये वाटाडे वाळूवरच्या खुणा वाचून हे प्राणी शोधून दाखवतात आणि हाताळून झाल्यावर जिथले तिथे सोडतात.

खडीच्या मैदानावर दगडफूल पसरलेलं आहे. आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल ज्या कुळातलं, त्याच कुळातले हे त्याचे भाऊबंद. कोरडे असताना ते करपलेल्या पापडासारखे दिसतात. पहाटेचं धुकं लागलं की काही मिनिटांत उमलतात, हिरवट, केशरी रंग धरतात. गाडीचं चाक एकदा त्यावरून गेलं तर तो व्रण कित्येक दशकं भरून येत नाही, म्हणून रस्ता सोडून गाडी उतरवू नका असे फलक जागोजागी आहेत. आणि त्याच मैदानावर वेल्विचिया. जन्मभरात दोनच पानं येणारी, वाऱ्याने त्या पानांच्या चिंध्या होऊन पसाऱ्यासारखी दिसणारी ही वनस्पती हजार-हजार वर्षं जगते. नामिबियाच्या राजचिन्हावर ती आहे. तीही धुक्यावर जगते असं वाटाडे छातीठोकपणे सांगतात. ती धुकं नेमकं किती वापरते आणि जमिनीतलं पाणी किती, याबद्दल अभ्यासकांचं मात्र एकमत नाही.

गाजलेला भुंगेरा आणि खरा भुंगेरा

आता एक गंमत. इंटरनेटवर ‘वाळवंटातला भुंगेरा धुक्यातून पाणी कसं मिळवतो’ असं शोधलंत, तर जी गोष्ट समोर येते ती थोडी वेगळी आहे.

२००१ मध्ये ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ अँड्र्यू पार्कर आणि त्यांचे सहलेखक ख्रिस लॉरेन्स यांचा एक छोटा निबंध ‘नेचर’मध्ये आला. त्यांनी नामिबमधल्या एका खडबडीत पाठीच्या भुंगेऱ्याकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पाठीवर बारीक उंचवटे होते. उंचवट्यांच्या टोकांवर मेण नव्हतं, ती पाण्याला धरून ठेवत. मधल्या खोलगट भागावर मेणाचा थर होता, तो पाणी झटकून टाकी. त्यांनी मांडलं ते असं : धुक्याचा कण टोकावर चिकटतो, थेंब वाढतो, जड झाला की मेणावरून घसरत तोंडाकडे जातो. मग त्यांनी मेणाच्या थरावर काचेचे बारीक मणी बसवून तसाच पृष्ठभाग बनवला आणि तो नुसत्या मेणापेक्षा किंवा नुसत्या काचेपेक्षा जास्त पाणी गोळा करतो, हे दाखवलं.

कल्पना इतकी सुंदर होती की जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली. पाणी धरणारे ठिपके आणि पाणी सोडणारी पार्श्वभूमी असे पृष्ठभाग बनू लागले. आपोआप भरणारी बाटली, तंबू, इमारतींचे पत्रे अशी चित्रं झळकली. शाळेच्या प्रकल्पांत, भाषणांत, ‘निसर्गाकडून शिका’ या धड्यात हा भुंगेरा कायमचा बसला.

अडचण एवढीच, की ज्या भुंगेऱ्याची पाठ त्यांनी तपासली तो टेकडीवर डोकं खाली करून उभा राहणाऱ्यांतला नव्हता. नामिबमध्ये या कुळाच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यांतल्या मोजक्याच धुक्यात अशा उभ्या राहतात. जी उभी राहते, त्या ओनिमॅक्रिसची पाठ खडबडीत नाहीच. ती बरीचशी गुळगुळीत असते, त्यावर उभ्या उथळ रेघा.

गोबाबेबला वर्षानुवर्षं काम केलेल्या अभ्यासकांनी हे लगोलग निदर्शनाला आणलं. पुढे २०१० मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या थॉमस नॉरगार्ड आणि मारी डाके यांनी चार जातींचे भुंगेरे घेतले, काही गुळगुळीत पाठीचे, काही खडबडीत, आणि सगळ्यांना प्रयोगशाळेतल्या धुक्यात सारख्याच कोनात ठेवलं. पाणी सगळ्यांच्याच पाठीवर जमलं. कमी-जास्त जमलं ते किड्याच्या आकारमानाप्रमाणे. पाठीच्या नक्षीने फारसा फरक पडला नाही. त्यांचा निष्कर्ष साधा होता. पाठ कशी आहे यापेक्षा किडा पहाटे उठून माथ्यावर जातो आणि वाऱ्यासमोर उभा राहतो, हे जास्त महत्त्वाचं असावं.

याने पार्कर यांची मेण-मण्यांची युक्ती खोटी ठरत नाही. तो पृष्ठभाग पाणी गोळा करतोच आणि पदार्थविज्ञानात त्याचा उपयोग आहे. पण एखादी गोष्ट ऐकायला छान असली की आपण तिची दुसरी बाजू वाचत नाही, त्याचं हे चांगलं उदाहरण. मला स्वतःला गुळगुळीत पाठीचा, थंडीने आखडलेल्या पायांनी टेकडी चढणारा भुंगेराच जास्त पटतो. त्याचं शास्त्र माणसांच्या जाळ्यांनाही लागू पडतं, हे पुढे दिसेलच.

जाळी, पन्हळ, टाकी

माणसांनी धुकं पकडायला वापरलेलं साधन फार साधं आहे. दोन खांब, मध्ये प्लॅस्टिकची विणलेली जाळी, खाली पन्हळ आणि पन्हळीतून टाकीपर्यंत नळ. आपल्याकडे रोपवाटिकेवर सावलीसाठी जे शेडनेट बांधतात, बहुतेक ठिकाणी तीच जाळी, दुहेरी लावलेली. भिंत का नाही? कारण वारा भिंतीला वळसा घालून जातो आणि हलके थेंबही त्याच्याबरोबर वळतात. जाळीतून वारा आरपार जातो, थेंबांना मात्र तेवढ्या पटकन वळता येत नाही. ते धाग्यावर आदळतात. धागा जितका बारीक तितकी पकड चांगली. भोकं फार लहान केली तर पाणी भोकांतच अडकून पडदा धरतं आणि जाळीची पुन्हा भिंत होते. या दोन्हींचा तोल कसा साधायचा, यावर अमेरिकेतल्या एमआयटीच्या आणि चिलीतल्या संशोधकांनी काम केलं. धाग्याची जाडी, भोकाचा आकार आणि धाग्यावरचा लेप नीट निवडला तर नेहमीच्या जाळीच्या पाचपट पाणी मिळू शकतं, असं त्यांनी २०१३ मध्ये दाखवलं.

निसर्गाकडून घेतलेल्या आणखी कल्पनाही आहेत. कोळ्याच्या ओल्या धाग्यावर थेंब आपोआप गाठींकडे सरकतात. एका निवडुंगाच्या काट्यावर टोकाला जमलेलं पाणी बुंध्याकडे वाहत जातं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या संशोधकांनी तर आडवे धागे काढूनच टाकले आणि वीणेच्या तारांसारख्या फक्त उभ्या तारा लावल्या, म्हणजे थेंब कुठे न अडता खाली उतरतो. त्यांच्या डोळ्यांसमोर कॅलिफोर्नियातल्या रेडवूड वृक्षांची पानं होती. कुईसेबकाठच्या गवताच्या खाचाही हेच करतात.

पण जाळी विणणं हे सोपं काम. अवघड काम नंतरचं.

चिलीच्या उत्तर भागात चुंगुंगो नावाचं कोळ्यांचं गाव आहे. मासेमारी करणाऱ्या तीन-साडेतीनशे माणसांची वस्ती, पाणी टँकरने यायचं. गावामागच्या एल तोफो या डोंगरावर, एका बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीजवळ, १९८७ पासून चिली आणि कॅनडाच्या संशोधकांनी जाळ्या उभारल्या. पुढे त्या शंभरच्या घरात गेल्या. १९९२ मध्ये डोंगरावरून सात किलोमीटर नळ टाकून पाणी गावात आलं. दिवसाला सरासरी १५,००० लिटरच्या आसपास. घरोघरी नळ आले, परसात भाजी लागली, गाव नकाशावर आलं. धुक्यातून पाणी या विषयावरच्या प्रत्येक लेखात चुंगुंगोचं नाव असायचं.

काही वर्षांनी त्या डोंगरावर मोकळे खांब उरले. नळाचं पाणी आल्यावर गाव वाढलं आणि धुक्याचं पाणी पुरेना. वाऱ्याने जाळ्या फाटत होत्या. संशोधक आणि पैसा देणारे निघून गेल्यावर त्या शिवायच्या कुणी, खर्च कुणी द्यायचा, डोंगर चढायचा कुणी, याची घडी बसली नाही. लोकांनाही शहरासारखं ‘खरं’ पाणी हवं होतं. गावात पुन्हा टँकर आला. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण रोज सकाळी उठून, वारा असेल तशा त्या डोंगरावर जाऊन कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

मोरोक्कोतल्या सहारा वाळवंटाच्या कडेला, बूतमेझगिदा डोंगरावरचं काम यातून शिकून पुढे गेलेलं दिसतं. तिथल्या अमाझिग गावांमधल्या बायका आणि मुली विहिरींवरून पाणी आणण्यात दिवसाचे कित्येक तास घालवत. दार सी हमाद या स्थानिक संस्थेने आधी काही वर्षं नुसतं धुकं मोजलं. २०१५ मध्ये पाणी घरांपर्यंत पोचलं. पहिल्या जाळ्या वाऱ्याने फाटल्या तेव्हा जर्मनीत तयार झालेल्या, रबरी पट्ट्यांवर ताणलेल्या जाळ्या आणल्या, ज्या वाऱ्यात ताठ न राहता थोड्या झुकतात. शिवाय गावातल्या बायकांना मोबाइलवरून नळाची गळती, बिघाड कळवायला शिकवलं. पाणी आणण्याचा भार ज्यांच्या डोक्यावर होता, त्यांच्याच हातात आता पाण्याची देखरेख आली. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतला सगळ्यांत हुशार भाग तो मोबाइल आहे.

गोबाबेबच्या आसपासही माणसं राहतात. कुईसेबच्या काठाने टोपनार समाजाच्या छोट्या वस्त्या आहेत. शेळ्या पाळणं आणि ‘नारा’ नावाचं रानटी फळ गोळा करणं हा त्यांचा जुना व्यवसाय. नाराच्या झुडपाला पानं नसतात, नुसते हिरवे काटे, आणि त्यात खरबुजासारखं फळ. गर शिजवून वाळूवर पातळ पसरून वाळवतात आणि आपल्या आंब्याच्या पोळीसारखं साठवतात, बियाही खातात. पाणी नदीच्या वाळूखालचं, पण काही ठिकाणी ते मचूळ लागतं आणि त्याच साठ्यावर वॉल्विस बे शहराचीही तहान आहे. १९९० च्या दशकात गोबाबेबच्या संशोधकांनी या वस्त्यांजवळ जाळ्या लावून पाहिल्या. धुक्याचं पाणी निवळ, खारटपणा नसलेलं निघालं. पण सगळ्या वस्तीची गरज एकट्या धुक्यावर भागावी इतकं नाही, जोडीला घेण्याजोगं. या प्रामाणिक उत्तराला बातमीत जागा मिळत नाही.

आपल्याकडे होईल का?

हा प्रश्न प्रत्येक भारतीय प्रवासी विचारतो. सह्याद्रीत धुकं भरपूर आहे, महाबळेश्वर, माथेरान, आंबोलीला हात पुढे केलेला दिसत नाही. पण ते जून ते सप्टेंबर, जेव्हा तसंही आभाळ फाटलेलं असतं. ज्या एप्रिल-मेमध्ये त्याच डोंगराखालच्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, तेव्हा त्या कड्यांवर धुकं नसतं. दिल्ली, पंजाबचं डिसेंबर-जानेवारीतलं धुकं वेगळं. ते वारा पडल्यावर जमिनीलगत साचतं, जाळीत आणून सोडायला वारा नाही, आणि त्यात धूर-धूळ किती असते ते तिथल्या वाचकांना सांगायला नको.

कच्छमध्ये मात्र याच्या जवळचा एक प्रयोग झाला आहे. अहमदाबादच्या आयआयएममधले गिरजा शरण यांनी कोठारा गावाच्या परिसरात दव गोळा केलं. दव आणि धुकं यांत फरक आहे. धुक्यात थेंब आधीच तयार असतात, ते फक्त अडवायचे. दवासाठी रात्री थंड होणारा पृष्ठभाग लागतो, ज्यावर हवेतल्या वाफेचं पाणी होतं. शरण यांनी पाहिलं की पत्र्याच्या छपरांवर पहाटे पाणी ओघळतं. मग खास बनवलेल्या प्लॅस्टिकच्या कापडाने मढवलेले उतार करून ते पाणी पन्हळीने साठवलं. पाणी थोडं, पण पाऊस नसलेल्या महिन्यांत मिळणारं आणि गाळून-उकळून पिण्याजोगं. आपल्या हवामानाला शोभेल असा रस्ता कदाचित हा आहे.

जायचं असेल तर

भारतातून नामिबियाला थेट विमान नाही. जोहान्सबर्गसारख्या ठिकाणी विमान बदलून राजधानी विंडहुकला उतरावं लागतं. तिथून स्वाकोपमुंड सुमारे ३६० किलोमीटर, डांबरी रस्ता, चारेक तास. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे स्वतः चालवणाऱ्यांना सोपं जातं. खडीच्या रस्त्यावर मात्र वेग कमी ठेवा आणि दोन सुटी चाकं देणारीच गाडी भाड्याने घ्या. किनाऱ्यालगतचे मिठाचे रस्ते धुक्याच्या सकाळी शेवाळल्यासारखे निसरडे होतात.

गोबाबेबला जायचं तर आधी कळवून परवानगी घ्यावी लागते आणि राष्ट्रीय उद्यानाचा परवाना वेगळा. तेवढा वेळ नसेल तर स्वाकोपमुंडहून निघणारी वाळवंटातल्या जिवांची सकाळची सहल पुरे. वाळवंटाला निघालो म्हणून फक्त सुती कपडे भरू नका. पहाटे स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट लागतंच. शाकाहारी मंडळींनी थेपले, मेतकूट बरोबर ठेवावं. बेकऱ्यांमध्ये पाव-केक उत्तम मिळतो, पण आठवडाभर त्यावर कोण राहणार!

हॉटेलवाला सकाळी खिडकीबाहेर बघून म्हणेल, आज धुकं आहे, नाश्ता करून दहा वाजता निघा. त्याचं ऐकू नका. दहा वाजता माथ्यावर फक्त भुंगेऱ्यांच्या पायांच्या बारीक रेघा उरलेल्या असतात, वर गेलेल्या आणि परत खाली आलेल्या.